घर यादीत, रान बाहेर

महापालिकेच्या नगररचना विभागात मी एकोणतीस वर्षं अनुरेखक म्हणून काढली. अनुरेखक म्हणजे नकाशे काढणारी. साहेबांनी पेन्सिलीनं ओढलेली रेघ शाईनं पक्की करायची, पुढं पुढं ती संगणकावर चढवायची, एवढंच काम. माझ्या रेघांवरून शहरात रस्ते झाले, शाळांची मैदानं राहिली, कुणाच्या अंगणातून गटार गेलं. त्यातल्या बहुतेक रेघा मला आज आठवतही नाहीत. एक मात्र आठवते, कारण ती मी दोनदा काढली.

वारसा यादीचं काम माझ्याकडं आलं ते कुणालाच नको होतं म्हणून. आमच्या शहरात वारसा म्हटलं की दरवाजे, मकबरा, घुमट, फार तर एखादी हवेली. पण हद्दवाढीत आसपासची गावं आत आली आणि वारसा समितीतल्या एका निवृत्त प्राध्यापकांनी बैठकीत विचारलं, "या गावांमधली जुनी शेतातली घरं कुणी पाहिलीत का?" कुणीच पाहिली नव्हती. मग ठराव झाला, पाहणी करा. एप्रिल महिना होता. इंजिनिअर मंडळींना अचानक दुसरी कामं निघाली आणि स्कूटर, फीत, कागद लावायची फळी आणि पाण्याची बाटली घेऊन मी निघाले.

छावणी ओलांडून बरंच पुढं गेल्यावर डावीकडं एक गाडीवाट आत जायची. त्या वाटेच्या शेवटी ते घर होतं. पाच खणांचं, धाब्याचं. धाब्याचं म्हणजे वर पत्रा नाही, कौल नाही. लाकडी कड्यांवर काटक्या, काटक्यांवर पाला आणि त्यावर हातभर मातीचा थर. कमरेपर्यंत काळा दगड, वर मातीची भिंत. दारात बसायला ऐसपैस ढाळज. घरासमोर दगडी विहीर, विहिरीपासून दगडातच कोरलेला पाट निघून सीताफळाच्या बागेत गेलेला आणि बागेपलीकडं ज्वारीचं रान, त्याच्या बांधावर चिंचांची रांग. मी सावलीत स्कूटर लावली आणि पहिल्यांदा पाणीच मागितलं.

दोन भावांची ती जमीन. थोरले भाऊ साठीच्या आसपासचे, शेती तेच बघायचे, कांदा लासूर स्टेशनच्या बाजारात न्यायचे. धाकटे शहरात बँकेत होते आणि सणावारी यायचे. थोरल्यांनी मला पाणी दिलं, माझं कार्ड उलटंपालटं करून पाहिलं आणि विचारलं, "पाडायचंय का काही?"

"नाही हो, जपायचंय."

"मंग मोजता काहून?"

मी फीत उलगडायला घेतली. सोबत मिळायचा शिपाई आलाच नव्हता आणि फितीचं दुसरं टोक धरायला माणूस हवं होतं. थोरल्यांची बायको दारात उभी राहून हे सगळं बघत होती. माझ्याच वयाची, पदर खोचलेला, हातावर शेणाचे वाळलेले डाग. ती पुढं आली. "द्या हिकडं, म्या धरते."

तीन दिवस आम्ही दोघींनी ते घर मोजलं. मी पहिल्या दिवशी तिला बाई म्हणत होते, दुसऱ्या दिवसापासून वैनी म्हणायला लागले. ती मला मॅडम म्हणायची, तिसऱ्या दिवशी ताई म्हणाली. घराची सगळी माहिती तिच्याकडं होती. थोरल्यांना एखादी गोष्ट विचारली की ते म्हणायचे, "तिला इचारा." कुठली कडी बाभळीची आणि कुठली सागाची, कुठल्या कोपऱ्यात पाणी उतरतं, छताला ठेवलेलं उजेडाचं भोक कुठल्या महिन्यात झाकायचं, सगळं. दरवर्षी पावसाच्या आधी छतावर चढून पांढऱ्या मातीचा नवा थर तीच द्यायची. आधी सासूबरोबर, नंतर एकटी.

मी भिंतीची जाडी लिहून घेत होते तेव्हा ती म्हणाली, "ताई, तुमी घरच मोजून ऱ्हायल्या. घर कायी एकलं नाय हे."

"म्हणजे?"

तिनं मला हाताला धरून नेलं. विहिरीचा पाट न्हाणीच्या दगडाखालून जातो, न्हाणीचं पाणी त्याच पाटानं सीताफळाला जातं. स्वयंपाकघराची खिडकी अशी ठेवली आहे की जेवताना ज्वारीवर पाखरं बसली तर दिसावीत. बांधावरच्या चिंचा ऊन अडवायला नव्हत्या. उन्हाळ्यात वावटळ यायची आणि धाब्यावरची माती उडवायची, म्हणून सासऱ्यांच्या वडलांनी त्या पश्चिमेला लावल्या होत्या. रानाच्या खालच्या कोपऱ्यात एक पांढरा पट्टा होता, तिथं काही उगवत नव्हतं. "छताची माती इथलीच," ती म्हणाली. "दुसरीकडची काळी टाकली की भेगा पडत्यात."

त्या दिवशी मी ढाळजेत बसून कच्चा नकाशा काढला आणि घराभोवती रेघ न काढता ती विहिरीवरून, बागेवरून, पार चिंचांच्या बांधापर्यंत नेली आणि पांढरा पट्टा आत घेऊन परत आणली. असं करायला मला कुणी सांगितलं नव्हतं. नोकरीत स्वतःच्या मनानं काढलेली ती माझी पहिली रेघ असावी.

ऑफिसात साहेबांनी नकाशा बघितला आणि चष्मा वर केला.

"हे शेत काय म्हणून घेतलं?"

"सर, घर आणि शेत एकच आहे. परिसरासह घ्यावं लागेल."

"अहो, शेत वारसा कसं होईल? दरवर्षी पीक बदलतं. उद्या त्यानं ज्वारी सोडून मका लावला तर नोटीस काढायची का?"

खोलीतले दोघंतिघं हसले. साहेब वाईट माणूस नव्हते. त्यांच्या टेबलावर एका वेळी चाळीस गोष्टी असायच्या आणि फॉर्ममध्ये जे रकाने होते तेच भरायचे असं त्यांचं साधं धोरण होतं. रकाने असे: वास्तूचं नाव, बांधकामाचा काळ, शैली, मालक. घराला नाव नव्हतं. काळ कुणाला ठाऊक नव्हता. शैलीच्या रकान्यात मी 'स्थानिक' असं लिहिलं होतं. पण निवृत्त प्राध्यापकांनी समितीत माझी बाजू घेतली. ते म्हणाले, पाट तोडून विहीर ठेवायची म्हणजे देठ तोडून फूल ठेवण्यासारखं आहे. प्रारूप यादी निघाली तेव्हा तिच्यात ते घर 'परिसरासह' छापलेलं होतं. मी तो कागद घरी नेऊन नवऱ्याला दाखवला. तो म्हणाला, "छान," आणि परत पेपर वाचायला लागला. मला मात्र फार आनंद झाला होता, हे कबूल करते.

यादीवर हरकती मागवल्या जातात. धाकट्या भावांनी हरकत घेतली.

सुनावणी महापालिकेच्या दुसऱ्या मजल्यावर होती. थोरले धुतलेलं धोतर नेसून आले होते, वैनी त्यांच्या मागं. धाकटे इस्त्रीचा शर्ट, हातात फाईल. मी नकाशे घेऊन कोपऱ्यात उभी होते. धाकट्यांनी अगदी शांतपणे बोलायला सुरुवात केली.

"साहेब, माझं घराला काही म्हणणं नाही. पण अर्धं शेत माझं आहे आणि मी शेती करत नाही. आजूबाजूला सगळीकडं प्लॉटिंग झालंय. शेजारच्यांनी विकायचं, बंगले बांधायचे आणि मी मात्र शहरातल्या लोकांना हिरवं दिसावं म्हणून जमीन तशीच ठेवायची? का? आम्ही जपलं ही आमची चूक झाली का?"

गुलमंडीतलं आमचं स्वतःचं घर, ज्याच्या जिन्यावर मी बाराखडी शिकले, ते आम्ही भावंडांनी मिळून विकलं होतं. तिथं आता साड्यांचं दुकान आहे, वरपर्यंत काच. मला कुणी कधी हरकत घेऊन अडवलं नव्हतं.

साहेबांनी थोरल्यांना विचारलं. ते म्हणाले, "मला घर बी पायजे अन् रान बी पायजे. पर भावाचं बी खोटं नाय. आमच्यात भांडण नको."

तेव्हा वैनी बोलली. कुणी विचारलं नव्हतं. "साहेब, रान गेलं तर घराचं लोणचं घालू का? माती कुठून आणू? पाटाला पाणी कुठून येईल? ठेवायचं तर समदं ठेवा, नायतर कायीच ठेवू नका."

साहेबांनी कागद चाळले. "बाई, सातबाऱ्यावर तुमचं नाव आहे का?"

"नाय."

"मग तुमचं म्हणणं नोंदवता येणार नाही. आम्ही ऐकून घेतलं."

खरोखरच त्यांनी ऐकून घेतलं, मान हलवली, पण लिहिणाऱ्या कारकुनाचा पेन थांबलेलाच होता. दोन आठवड्यांनी निर्णय आला. घर आणि विहीर यादीत राहतील, श्रेणी तीन. शेतजमीन, बाग आणि बांध वगळण्यात येत आहेत. प्राध्यापक त्या बैठकीला नव्हते, त्यांचं डोळ्याचं ऑपरेशन होतं. सुधारित नकाशा करून द्या, असा शेरा माझ्या नावानं आला.

आपण नकार देऊ शकलो असतो का, हा प्रश्न मी नंतर स्वतःला खूप वेळा विचारला. मी नकार दिला असता तर शेजारच्या टेबलावरच्या मुलीनं पाच मिनिटांत तो नकाशा केला असता. हे खरंच आहे. पण मला पाच मिनिटंसुद्धा लागली नाहीत. जुनी रेघ निवडली, पुसली, भिंतीपासून तीन मीटर सोडून नवा चौकोन काढला, विहिरीभोवती एक गोल. डबा खायची वेळ झाली होती. मी जाऊन डबा खाल्ला.

पुढची दोन वर्षं मी तिकडं फिरकले नाही. खरं सांगायचं तर टाळलं. मग एका मे महिन्यात एक अर्ज टेबलावर आला. अर्जदार थोरले. विषय, घराच्या छतावर पत्रे टाकण्याची परवानगी मिळणेबाबत. कारणाच्या ओळीत लिहिलं होतं, 'माती मिळत नाही.'

मी स्कूटर काढली. गाडीवाट ओळखूच आली नाही. तिथं सिमेंटचा रस्ता होता, कमान होती, कमानीवर कसल्यातरी नगरीचं नाव. धाकट्यांच्या हिश्शात प्लॉट पडले होते, त्यांवर पांढऱ्या दगडाच्या खुणा. चिंचा गेल्या होत्या. सीताफळाची निम्मी बाग थोरल्यांच्या वाटणीला आली होती, पण पाट मध्येच तुटल्यामुळं वाळत चालली होती. आणि खालचा पांढरा पट्टा, जिथं काही उगवत नव्हतं, तिथं कुणाच्या तरी बंगल्याचा पाया भरून झाला होता.

वैनी ढाळजेत बसली होती. मला बघून उठली नाही, पण सरकून जागा दिली.

"एक साल जुन्यावर काढलं," ती म्हणाली. "मागच्या साली काळी माती टाकून बघितली. भेगा पडल्या. माजघरात पातेली लावून बसलो. औंदा नाय टिकायचं, ताई."

"पत्रे टाकले तर?"

"मंग भट्टी व्हईल घराची. पर कोरडं तरी ऱ्हाईल. तुमी म्हन्ता का पत्रं नको?"

"मी म्हणत नाही. नियम म्हणतो." नियम असा होता की यादीतल्या वास्तूची दुरुस्ती मूळ पद्धतीनं, मूळ साहित्यातच करावी. तो नियम चांगल्या हेतूनं केलेला होता. मी स्वतः तो टाइप झालेला वाचला होता आणि मला तो आवडला होता.

मी ऑफिसात फाईल फिरवली. उत्तर आलं की मूळ साहित्य उपलब्ध नसल्यास तसा सक्षम अधिकाऱ्याचा दाखला जोडावा. माती नसल्याचा दाखला कोण देतं? मी थोरल्यांना घेऊन तलाठ्याकडं गेले. तलाठी भला माणूस, त्यानं चहा मागवला आणि म्हणाला, "मॅडम, माझ्याकडं जमीन असल्याचा दाखला मिळतो. माती नसल्याचा मी कसा देऊ? जमीन तर हाय ना तिथं." थोरले बाहेर येऊन म्हणाले, "जाऊ द्या मॅडम. गळू द्या." त्यांचा आवाज रागाचा नव्हता. रागावण्याइतकीही ताकद उरली नव्हती त्यात.

त्यानंतर मी आणि वैनी मातीच्या शोधात हिंडलो. मी रजा टाकली. एका ओळखीच्या गावात जुन्या गढीचा ढिगारा होता, तिथली माती पांढरी. पण गावकऱ्यांनी टिकाव लावू दिला नाही. बरोबरच होतं त्यांचं. त्यांचीही जुनी जागा ती. दुसऱ्या एका ठिकाणी माती मिळाली, वैनीनं चिमूटभर जिभेवर ठेवली आणि थुंकली. "ही नाय. हिला चव नाय." खारट लागली तरच ती माती पाणी झिरपू देत नाही, असं तिनं सांगितलं. उन्हात हिंडून माझं डोकं दुखायला लागलं होतं. परतीच्या वाटेवर ती माझ्यामागं स्कूटरवर बसली होती आणि अचानक तिनं माझ्या खांद्यावर थाप मारली. "थांबवा, थांबवा!"

कमानीच्या आत, त्यांच्या जुन्या रानातून, नव्या वस्तीसाठी पाण्याची मोठी पाइपलाइन टाकायला रस्त्याच्या कडेनं नुकताच चर खोदला होता. चराच्या काठाला मातीचा ढीग, वर काळी आणि तळातून उपसलेली पांढरी. वैनी उतरून ढिगाजवळ गेली. चिमूट तोंडात टाकली. माझ्याकडं वळून बघितलं आणि नुसती मान हलवली. इतक्या वर्षांत मी तिला पहिल्यांदाच दात दाखवून हसताना बघितलं.

कामावरचा मुकादम सावलीत बसला होता. मी त्याला आमच्याच महापालिकेचं कार्ड दाखवून विचारलं, ही माती नेली तर चालेल का. त्यानं माझ्याकडं, मग वैनीकडं बघितलं. "मॅडम, ले जाव. हमको तो फेकनाच है ना. उलटा मेरा एक फेरा बचेगा." दुसऱ्या दिवशी थोरल्यांनी शेजाऱ्याचा ट्रॅक्टर आणला आणि चार खेपांत ती माती त्यांच्या अंगणात पडली. यादीतून वगळलेल्या जमिनीतली माती पालिकेच्याच चरातून निघून यादीतल्या घरावर गेली, हे मी कुठल्याही कागदावर लिहिलं नाही. लिहिलं असतं तर बहुतेक कुणीतरी परवानगी मागितली असती.

छत घालायला चार दिवस लागले. माती चाळायची, भिजवायची, रात्रभर मुरू द्यायची, सकाळी वर न्यायची. वैनी वर, थोरले शिडीवर, मी खाली घमेली भरून द्यायला. धाकटेही एका रविवारी आले. कुणी बोलावलं नव्हतं. पँट दुमडून ते शिडीवर उभे राहिले आणि संध्याकाळपर्यंत घमेली वर देत राहिले. जाताना वैनीला म्हणाले, "वहिनी, तो पट्टा मी विकायला नको होता. माझ्या लक्षातच आलं नाही." वैनी म्हणाली, "तुमी लहानपनी त्याच पट्ट्यात घसरून पडला व्हता. इसरला?" पाऊस आठ दिवसांनी आला. घर गळलं नाही. पत्र्यांच्या अर्जाचं अंतिम उत्तर दिवाळीनंतर आलं, फेटाळल्याचं. तोपर्यंत कुणी त्याची वाटही बघत नव्हतं.

निवृत्तीच्या आधीच्या वर्षी आणखी एक गोष्ट झाली. पालिकेच्या ताब्यातल्या एका जुन्या जकात नाक्याच्या इमारतीचं छत धाब्याचं होतं आणि दुरुस्तीचं काम निघालं. ठेकेदाराच्या गवंड्यांना ते येईना. दोनदा घातलं, दोनदा खचलं. मी साहेबांना सांगितलं की माहितीची एक बाई आहे. वैनी आली. पहिल्या दिवशी तिनं गवंड्यांनी घातलेलं सगळं उकरून काढायला लावलं. गवंडी कुरकुरले, मग गप्प बसले, मग ताई ताई करत तिच्यामागं हिंडायला लागले. पंधरा दिवसांत काम झालं. प्राध्यापक काठी टेकत बघायला आले, वर चढता येत नव्हतं, तर खालूनच छताकडं बघत उभे राहिले.

हजेरीपत्रकात वैनीच्या नावापुढं 'अकुशल मजूर' असं लिहिलेलं मला दिसलं. मी लेखा विभागात गेले. तिथला कारकून म्हणाला, गवंडी, सुतार, प्लंबर यांची प्रमाणपत्रं असतात, तशी असतील तर कुशल लिहितो. धाब्याच्या छताचं प्रमाणपत्र? असं काही संगणकात येत नाही, तो म्हणाला. मी साहेबांपर्यंत गेले. त्यांनी खरंच प्रयत्न केला, एक चिठ्ठीही लिहिली. चिठ्ठी कुठंतरी राहिली. मी वैनीला सांगायला गेले तेव्हा मला तिच्याकडं बघवत नव्हतं.

"तेच लिव्हलंय का?" तिनं विचारलं.

"तेच."

"लिव्हू द्या. छत गळंना ना? मंग झालं." मग थोडं थांबून म्हणाली, "पर तुमी भांडल्या ते बरं केलं. माझ्यासाठी कोनी भांडलं नव्हतं."

मला त्याचंही समाधान वाटलं नाही. भांडून काहीच झालं नव्हतं.

आता मी निवृत्त आहे. वारसा समितीनं मला 'निमंत्रित सदस्य' केलंय, म्हणजे बैठकीला बोलवतात आणि चहा देतात. थोरल्यांचे गुडघे गेले, ते ढाळजेत खाटेवर असतात आणि येणाऱ्याजाणाऱ्याला कांद्याचा भाव विचारतात. विहीर गेल्या उन्हाळ्यात तळाला गेली. आजूबाजूच्या बंगल्यांची बोअर खोल आहे. घराच्या भिंतीवर पालिकेची पाटी आहे. कमानीतून आत येणारे लोक रविवारी फोटो काढून जातात. कुणी विचारलं तर वैनी त्यांना सांगते की हे घर आधी शेतात होतं. पोरंसोरं चकित होऊन आजूबाजूला बघतात. कुठं शेत?

गेल्या महिन्यात हद्दीच्या दुसऱ्या टोकाला, टेकडीच्या पायथ्याशी, आणखी एक तसंच घर असल्याचं कळलं. मी साहेबांच्या जागी आलेल्या नव्या मॅडमना म्हटलं, मी जाऊन येते. त्या तरुण आहेत, त्यांनी लगेच गाडी दिली. मी वैनीला घेऊन गेले. त्या घरची बाई चाळिशीची, अंगणात लसूण सोलत बसली होती. मोसंबीची बाग होती, दगडी बांध होता, ओढ्याला अजून पाणी होतं. मी बसून रेघ ओढायला लागले, यावेळी ओढ्याच्या पलीकडून.

ती बाई वैनीच्या शेजारी जाऊन बसली. हळूच विचारलं, "यादीत गेलं की काय व्हतं हो?"

मी पेन थांबवला. मला वाटलं वैनी आता सगळं सांगेल आणि ही बाई आम्हाला चहासुद्धा न देता बाहेर काढेल. तिला तो हक्क होता. वैनीनं लसणाची एक पाकळी सोलायला घेतली.

"लई हेलपाटे व्हत्यात," ती म्हणाली. "कधी कधी रडायची येळ येते. अन् ऑफिसातले लोक आपल्यासारखे नसत्यात, त्यांला सांगावं लागतं, परत परत सांगावं लागतं." तिनं माझ्याकडं बघितलं नाही. "पर सुनावणीला तुमी जा. नवऱ्याला एकलं पाठवू नका."

त्या बाईनं लसूण बाजूला ठेवला आणि आत जाऊन चहा टाकला. मी नकाशा पूर्ण केला. नव्या मॅडमनी तो तसाच पुढं पाठवला आहे, ओढ्यासकट. सुनावणीची तारीख अजून लागलेली नाही. मी दर सोमवारी फोन करते. मॅडम म्हणतात, "ताई, वर गेलंय." मी बरं म्हणते, फोन ठेवते आणि पुढच्या सोमवारची नोंद करून ठेवते.